पडद्यामागे भिंत होती

‘एवढे पैसे असल्या हॉटेलात घालायची गरजच काय होती?’ हा प्रश्न मला आतापर्यंत दादानं, वहिनीनं, दोन मावश्यांनी आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांनी विचारून झाला आहे. म्हणून उत्तर आधीच देते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. 98वं साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियमवर भरणार आणि अध्यक्ष तारा भवाळकर, हे कळलं त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला होता. 1975 साली संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांना ऐकायला ती साताऱ्याहून एसटीनं कराडला गेली होती. पन्नास वर्षांनी पुन्हा एका बाईंना त्या खुर्चीवर बघायचं, एवढीच तिची इच्छा. पुण्याहून संमेलनासाठी खास रेल्वेगाडी सुटणार होती, पण एवढा लांबचा प्रवास तिच्या गुडघ्याला झेपला नसता. महाराष्ट्र सदनात त्या दिवसांत जागा मिळेल अशी आशाच मी धरली नव्हती. राहिलं विमान आणि हॉटेल.

मोठं पंचतारांकित मी मुद्दाम टाळलं. तिथे खोलीपासून जेवणाच्या दालनापर्यंत चालतानाच आई थकते, हा हैदराबादचा अनुभव होता. दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या, झाडीच्या कॉलनीत दहा खोल्यांचं बुटीक हॉटेल सापडलं. जुनी कोठी, पितळी पलंग, दगडी जाळीचा झरोका, खाली बोगनवेलीचं अंगण. ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलेलं, ‘नाश्ता समाविष्ट’ असं लिहिलेलं. रात्रीचे 9,200 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. तीन रात्रींचे 32,568 रुपये मी एका पोर्टलवर आगाऊ भरले. पैसे परत न मिळणारा दर रात्रीमागे सहाशेंनी कमी होता, तो घेतला. ही चूक माझी, आणि ती मी कबूल करते. बाकीच्या चुका माझ्या नाहीत.

20 फेब्रुवारी 2025 रोजी संध्याकाळी आम्ही पोचलो. टॅक्सीवाला वाटभर 17 तारखेच्या भूकंपाबद्दल बोलत होता. पहाटे साडेपाचच्या सुमाराला, 4.0 तीव्रतेचा, केंद्र धौला कुवाँच्या जवळ; बायको-पोरांना घेऊन तो रस्त्यावर पळाला होता. तेव्हा मी नुसतं ‘हो, हो’ केलं. दुसऱ्या दिवशी मला ते शब्द वेगळ्या अर्थानं आठवणार होते.

स्वागत मात्र असं झालं की आई भारावून गेली. कपाळाला गंध, हातात गुलाबाचं सरबत, मोगऱ्याचा वास. मॅनेजर म्हणजे तिशीतला एक देखणा मुलगा. आईला वाकून नमस्कार करत तो म्हणाला, ‘माताजी, ये आप का ही घर है.’ मग आमच्या बॅगा उचलून नोकर जिना उतरू लागला. उतरू लागला, चढू नाही.

‘लिफ्ट?’ मी विचारलं.

‘लिफ्ट ग्राउंड से ऊपर जाती है, मॅम. आप का गार्डन लेव्हल डिलक्स है. सिर्फ ग्यारह स्टेप्स.’

ज्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस जिना उतरताना पाहिलं आहे, त्यांना अकरा पायऱ्या म्हणजे काय ते मी सांगायला नको. फोटोतली खोली कुठे, असं विचारलं तर ती वरची, लग्नाच्या पार्टीला दिलेली. ‘मॅम, कॅटेगरी सेम है.’ हे वाक्य मी त्या तीन दिवसांत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. मला त्याच क्षणी भांडायचं होतं. पण आई म्हणाली, ‘अगं, असू दे. खोली तर छान आहे.’ आणि दिसायला ती खरंच छान होती. पितळी पलंग होता, भिंतीवर लघुचित्रं होती, एका बाजूला जमिनीपर्यंत सोडलेला मखमली पडदा, आणि त्याच्या कडेनं मऊ उजेड झिरपत होता. अंगणातला दिवा असेल असं मी धरून चालले.

सकाळी साडेसहाला आई उठली. रोज उठल्यावर सूर्याला हात जोडायची तिची सवय आहे. तिनं जाऊन तो पडदा सरकवला आणि नुसती उभी राहिली. मी अंथरुणातूनच विचारलं, ‘ऊन आलंय का गं?’ ती काहीच बोलेना, म्हणून उठून बघितलं.

शिसवी चौकट होती, पितळी कडी होती, काच होती. काचेच्या मागे पांढरी भिंत होती. मध्ये चार बोटांचंही अंतर नव्हतं. चौकटीच्या वरच्या बाजूला एलईडीची पट्टी चिकटवलेली होती. रात्रभर झिरपत होता तो उजेड तिचा. खिडकी कधी नव्हतीच. खिडकी आहे असं वाटावं म्हणून कुणीतरी सुतार लावून, पैसे खर्चून ती केली होती.

मला राग येण्याआधी लाज वाटली. आई शांतपणे म्हणाली, ‘कराडला शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलो होतो आम्ही बायका. पण खिडकी होती.’

वर जाऊन मी मॅनेजरला विचारलं. तो दचकलाही नाही, हे मला आजही बोचतं. ‘मॅम, वो डेकोरेटिव्ह फीचर है. गेस्ट्स लव्ह इट.’ खोली बदलून द्या म्हटलं तर हॉटेल फुल्ल. मालकांशी बोलते म्हटलं तर मालक दुबईत. पोर्टलला फोन केला तर ‘आम्ही हॉटेलला कळवतो’. मोठ्या हॉटेलात ड्यूटी मॅनेजर असतो, त्याच्यावर जनरल मॅनेजर असतो, त्याच्यावर कंपनीचं मुख्य कार्यालय असतं. दहा खोल्यांच्या हॉटेलात एकच माणूस असतो आणि त्यानं गोड बोलून पाठ फिरवली की दाद मागायला दुसरी खिडकी नसते. ‘छोटं’ म्हणजे ‘आपुलकीचं’ असं आपण परस्पर ठरवतो. ते मालकावर असतं, खोल्यांच्या संख्येवर नसतं.

त्या दिवशी संध्याकाळचं सगळं ऐकून, बाहेर जेवून आम्ही रात्री अकरानंतर परतलो. दिल्लीतल्या कॉलन्यांची फाटकं रात्री बंद होतात आणि एखादंच चालू ठेवतात, हे तिथे राहणाऱ्यांना पाठ असतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. टॅक्सीवाला दोन बंद फाटकांपुढून वळला आणि वैतागून तिसऱ्याच्या बाहेर आम्हाला सोडून गेला. हॉटेलचा फोन कुणी उचलेना. आई माझ्या दंडाला धरून ते अंतर चालली. आणि हॉटेलच्या दाराला आतून कुलूप होतं. बेल दाबून दाबून हॉटेलातला पोरगा जागा झाला. सोफ्यावर झोपला होता, किल्ली उशीखाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही तळघरात होतो, खिडकी नव्हती, वर जायला एकच अरुंद जिना आणि त्याच्या टोकाला कुलूप. 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागली होती आणि 17 माणसं गेली होती. लग्नासाठी केरळातून आलेल्या एका कुटुंबातले तिघं त्यांत होते. त्यांनीही खोली बघून, पसंत करूनच सामान टाकलं असेल. आणि 27 जुलै 2024 ला जुन्या राजेंद्रनगरमध्ये पावसाचं पाणी तळघरातल्या अभ्यासिकेत शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी वाहनतळाची आणि सामान ठेवण्याची होती. हे सगळं मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही पैसे भरताना ‘खोली कोणत्या मजल्यावर आहे’ एवढं विचारायचं मला सुचलं नाही, कारण फोटोत झरोका होता.

आता जे शिकले ते सांगते.

पैसे भरण्याआधी हॉटेलला स्वतः फोन करा. पोर्टलला नाही, हॉटेलला. खोली कोणत्या मजल्यावर, खिडकी उघडते का, उघडली तर समोर काय दिसतं, लिफ्ट खोलीच्या मजल्यावर थांबते का, रात्री दाराला कुलूप लावता का आणि किल्ली कुणाकडे असते, हे विचारा. मग तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. नेमक्या त्याच खोलीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मागा; पडदा सरकवून दाखवा म्हणावं. काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका. ‘गार्डन लेव्हल’ आणि ‘लोअर ग्राउंड’ हे शब्द दिसले की तळघर समजा. ‘सिस्टर प्रॉपर्टी’ हा शब्द ऐकलात तर तुमची खोली दुसऱ्या गल्लीत आहे असं समजा.

‘बुटीक’ या शब्दाला भुलू नका. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात एक ते पाच तारे आहेत, पंचतारांकित डिलक्स आहे, हेरिटेज आहे. ‘बुटीक’ नावाचा वर्ग मला त्यात सापडला नाही. तो शब्द मालक स्वतःच स्वतःला लावतो.

कराचा हिशेब आधी करा. आम्ही गेलो तेव्हा 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 12 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला, आणि 7,500 च्या वर 18 टक्केच आहे. म्हणजे 7,400 ची खोली तुम्हाला 7,770 ला पडेल आणि 7,600 ची 8,968 ला. दोनशे रुपयांच्या फरकासाठी जवळजवळ बाराशे जातात. थोडी घासाघीस करून दर रेषेखाली आणता येतो का ते बघा.

‘नाश्ता समाविष्ट’ म्हणजे काय तेही विचारा. आमच्याकडे टोस्ट, फळं आणि चहा समाविष्ट होता. आईनं मागितलेला आलू पराठा बिलात वेगळा लागला. खोलीतल्या पाण्याच्या काचेच्या बाटल्यांचेही पैसे लागले. त्यावर छापील किमतीचा वाद घालू नका, त्यात काही हाती लागत नाही. हॉटेलं छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे.

सर्व्हिस चार्जचं मात्र सोडू नका. आमच्या तीन दिवसांच्या 6,400 रुपयांच्या खाण्याच्या बिलावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता आणि त्यावर पुन्हा जीएसटी. ‘काढून टाका’ म्हटलं तर मॅनेजर म्हणाला, ‘मॅम, कोर्ट का स्टे है.’ तेव्हा तो होता, हे खरं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सर्व्हिस चार्ज परस्पर लावायला मनाई केली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ती त्याच महिन्यात स्थगित केली होती. पण आम्ही परतल्यावर महिन्याभरानं, 28 मार्च 2025 ला, त्याच न्यायालयानं ती मनाई कायम ठेवली. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

बाकी नेहमीचंच: कमी तारे दिलेले अभिप्राय आधी वाचा, आधारची प्रत देताना मास्क केलेली द्या, आणि ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर घाईत बुकिंग करू नका. खोलीत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पडदा सरकवा, आणि काही खटकलं तर सामान उघडण्याआधी फोटो काढा. मी फोटो दुसऱ्या दिवशी काढले. ‘पहिल्या रात्री तर तक्रार नव्हती ना,’ हे हॉटेलनं पुढे मला लेखी ऐकवलं.

मी अभिप्राय लिहिल्यावर त्या मॅनेजरचे चार फोन आले. ‘माताजी कैसी हैं?’ असं सुरू होऊन प्रत्येक फोन ‘रिव्ह्यू हटा दीजिए, एक रात कॉम्प्लिमेंटरी’ इथे पोचायचा. त्या तळघरातली आणखी एक रात्र आईला बक्षीस! अभिप्राय मी काढलेला नाही आणि फोटोही तिथेच आहेत.

दादा म्हणतो, आता सोड. त्याला सांगितलं तेच इथे सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची असते. हेल्पलाइनच्या तक्रारीनंतर सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा कर मिळून 755 रुपये हॉटेलनं परत केले. खोलीचे 32,568 रुपये केले नाहीत. बुकिंगची पावती, लिफ्टचा उल्लेख असलेलं पान, त्या भिंतीचे फोटो आणि त्यांचा मेल मी एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. मुदत फेब्रुवारी 2027 पर्यंत आहे. त्याआधी पुण्याच्या ग्राहक आयोगात ती फाइल दाखल होईल.