मातेचा थकवा आणि गावाची जबाबदारी

मृगाचा पाऊस पडून तरवा वर आला की भुदरगड तालुक्यात भाताची रोप लावण सुरू होते. तरवा उपटणे, त्याच्या जुड्या बांधणे आणि गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. या दिवसांत ज्या घरात चार-पाच महिन्यांचे तान्हे मूल असते, त्या घरातील आईचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. मुलाचा जन्म ग्रामपंचायतीत नोंदला जातो. त्याचे वजन अंगणवाडीत आणि लसी आरोग्य उपकेंद्रात लिहून ठेवल्या जातात. आईची नोंद मात्र प्रसूतीच्या तारखेबरोबर जवळजवळ संपते.

तिच्या थकव्याकडे घरची माणसे आणि बहुधा ती स्वतःही स्वभावाचा दोष म्हणून पाहते. ‘बाळंतपणानंतर ही चिडचिडी झाली’, ‘हिचे कशात लक्ष नाही’ अशी वाक्ये सहज उच्चारली जातात. हा प्रश्न स्वभावाचा किती आणि वेळेचा, विश्रांतीचा व मनुष्यबळाचा किती, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जुनी सोय आणि तिची मर्यादा

आपल्या समाजाला या प्रश्नाची जाण मुळीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, सव्वा महिन्याची विश्रांती, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून न्हाऊ घालणारी अनुभवी बाई, या सर्वांमागे एक व्यवहारी शहाणपण होते. नव्या आईला काही आठवडे कोणीतरी आईप्रमाणे सांभाळले पाहिजे, हे ते शहाणपण. रीतींतील काही गोष्टी, विशेषतः बंद खोलीतील शेगडीचा धूर, आजच्या वैद्यकशास्त्राला मान्य नाहीत. परंतु मूळ कल्पना टाकाऊ नव्हती.

तिची मर्यादा अशी की ही सोय मुदतीची होती. सासरी परतताच विश्रांती संपे आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला तर ती अनेकींच्या वाट्याला येतही नसे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अनेक कुटुंबांत कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे व मुले स्त्रीच्या अंगावर, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या होती. मनातले बोलण्यासाठी त्या स्त्रीला एक जागा होती, ती म्हणजे पहाटेचे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकरांची माया आणि देहाचा शीण हे विषय पुन्हापुन्हा येतात. पिठाच्या गिरणीने स्त्रीचे कष्ट वाचविले, याबद्दल दुमत नाही. परंतु शेजारणीसमोर बसून मन मोकळे करण्याचा तो तासही तिच्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

वेळेचा हिशेब

केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशी बिनमोबदला घरकामे करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. ही कामे करणाऱ्या पुरुषाचा वेळ ९७ मिनिटे होता. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांत हेच प्रमाण १३४ व ७६ मिनिटे असे होते. येथे हे लक्षात घेतले पाहिजे की पुरुषांची सरासरी ही कामे प्रत्यक्ष करणाऱ्या पुरुषांपुरती आहे. ज्यांनी झाडूला हातही लावला नाही, ते या सरासरीत धरलेले नाहीत.

या आकड्यांत शेतातील मजुरी आणि रात्रीची मोडलेली झोप आलेली नाही. तान्ह्या मुलाची आई रात्रीतून तीन-चार वेळा उठते आणि पहाटे सर्वांच्या आधी चुलीशी असते. अशा झोपेचे काही महिने गेल्यावर कोणाचेही मन ताळ्यावर राहणे कठीण.

थकवा कोठे संपतो?

प्रत्येक थकलेली आई आजारी असते असे नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे, हळवे होणे हे बहुसंख्य स्त्रियांना अनुभवावे लागते आणि एक-दोन आठवड्यांत ते ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, मूल झोपले तरी आईला झोप येईना, जेवणावरची वासना उडाली, मुलाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा आपण आई होण्यास नालायक आहोत असे तिला सारखे वाटू लागले, तर तो आजार समजला पाहिजे. जिवाचे किंवा मुलाचे बरेवाईट करण्याचा विचार तिने बोलून दाखविला, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

या आजाराचे आपल्या परिसरातील चित्र गोव्यात झालेल्या एका अभ्यासातून स्पष्ट झाले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या मातांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्याचा आजार आढळला. त्यांतील ७८ टक्के स्त्रियांना मानसिक त्रासाची लक्षणे गरोदरपणातच होती आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे ठरली. मारहाण व उपासमार जेथे होती, तेथे मूल मुलगा की मुलगी यावरही आईची मनःस्थिती अवलंबून होती. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्याची पुष्कळशी मुळे घराच्या वागणुकीत सापडतात.

त्याच गोव्यात पुढे ‘संगाथ’ या संस्थेच्या सहभागाने एक प्रयोग झाला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, गावातल्याच सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठविण्यात आले. त्यांनी ऐकून घ्यायचे, धीर द्यायचा आणि लहान-लहान कामांची आखणी करून द्यायची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार याचा लाभ माफक होता, पण निश्चित होता. तज्ज्ञांची वाण असलेल्या तालुक्यांना ‘माफक’ लाभही थोडा नव्हे. गारगोटीपासून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर आहे. कडेवर मूल घेऊन जाणाऱ्या आईचा त्यासाठी पूर्ण दिवस मोडतो आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब तिलाच द्यावा लागतो.

बेचाळिसावा दिवस

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली नवजात बालकाच्या घरगुती देखभालीची पद्धत पुढे देशाने स्वीकारली. तिच्यानुसार दवाखान्यात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती सहा वेळा जाते आणि यातील शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. बाळाचे वजन, ताप, श्वास, स्तनपान ही तपासणी अत्यंत मोलाची असून तिने असंख्य बालके वाचविली आहेत. परंतु गोव्यातील पाहणी ज्या काळात झाली, तो सहाव्या ते आठव्या आठवड्याचा काळ नेमका या शेवटच्या भेटीपाशी सुरू होतो. भेटी संपतात तेव्हा उदासी पूर्ण भरात असू शकते. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच गृहभेटींची जोड देण्यात आली, ही समाधानाची बाब होय. मात्र याही भेटींचा भर बालकाच्या वाढीवरच आहे.

‘रात्री झोप लागते का?’, ‘मन कशात रमते का?’, ‘घरात कोणी हातभार लावते का?’ हे तीन प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. मात्र ते सासूच्या देखत विचारून उपयोग नाही, ही गोष्ट अनुभवी आशा कार्यकर्तीला सांगावी लागणार नाही. उत्तर चिंताजनक वाटल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठविता येते. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे.

गारगोटीने शिकविलेली गोष्ट

गारगोटीचे नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. डिसेंबर १९४२ मध्ये येथील कचेरीवर क्रांतिकारकांनी केलेला हल्ला हे पहिले, आणि पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाने १९५२ साली स्थापन झालेले श्री मौनी विद्यापीठ हे दुसरे. जे. पी. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक या शिक्षणतज्ज्ञ दांपत्याचा या विद्यापीठाच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. शिक्षण हे ग्रामीण जीवनाच्या गरजांशी जोडलेले असावे, ही त्यामागची भूमिका होती.

डॉ. चित्रा नाईक यांनी पुढे पुणे जिल्ह्यात भारतीय शिक्षण संस्थेमार्फत अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प चालविला. दिवसा शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी गावातच संध्याकाळी वर्ग भरविण्यात आले आणि त्यांत मुलींची संख्या मोठी होती. या मुली दिवसा काय करीत असत? आई शेतावर गेल्यावर धाकटी भावंडे सांभाळीत, पाणी भरीत, गुरांकडे पाहत. आईच्या थकव्याच्या प्रश्नाचे हे खरे मर्म आहे. आईला दुसरे हात मिळाले नाहीत, तर ते हात नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे असतात. गळतीच्या तक्त्यात त्या मुलीच्या नावापुढे शिक्षक ‘घरकामामुळे’ असे लिहितात; त्या एका शब्दामागे बहुधा एक दमलेली आई उभी असते.

काळ बदलला, शाळा जवळ आल्या, मुलींची पटनोंदणी वाढली. परंतु रोप लावणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात हजेरीपट चाळणाऱ्या शिक्षकांना या प्रश्नाची पूर्ण उकल झाली आहे असे वाटणार नाही.

दोन तासांची सोय

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि कालांतराने अंगणवाडी घरोघरी परिचित झाली. तथापि अंगणवाडीत बसविले जाते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. तीन वर्षांखालील मुलाला घरी नेण्यासाठी आहार मिळतो. सांभाळ मिळत नाही. आईची सर्वाधिक ओढाताण होते ती नेमकी याच तीन वर्षांत. प्रसूती रजेचा कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या स्त्रीला ना आस्थापना, ना रजा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आल्यास एका स्त्रीला त्यांच्या सांभाळासाठी मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. ती कागदावर उत्तम होती, असे म्हणून पुढे जाणे बरे.

२०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’ अंतर्गत आलेल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याची कल्पना आहे. ती प्रत्येक वाडीवर पोहोचेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी वर्षअखेरीस घाईने काही वस्तू वाटून संपविण्यापेक्षा लावणी व कापणीच्या दीड-दोन महिन्यांत, शाळेच्या रिकाम्या खोलीत वा देवळाच्या सभामंडपात हंगामी पाळणाघर चालविण्यासाठी वापरणे अधिक उचित होईल. गावातील दोन विश्वासू स्त्रियांचे मानधन, स्वच्छ पाणी, चटया आणि चार झोळ्या, एवढ्यावर त्याचा आरंभ होतो. आईने मधल्या सुटीत येऊन मुलाला पाजावे यासाठी जागा शिवाराच्या जवळ असावी, ही अट मात्र सोडू नये.

अशा सोयीतून आईला दिवसातले दोन तास मोकळे मिळाले, तर त्यांचे तिने काय करावे, हे गावाने ठरवू नये. कोणी झोपेल, कोणी बचत गटात बसेल, कोणी भजनाला जाईल. कोणी शिकेलही. महर्षी कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले एका मुलाच्या आई असून तरुणपणीच विधवा झाल्या. विशी उलटल्यानंतर त्यांनी शिक्षणास आरंभ केला, हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी गोळा करीत त्या गावोगाव फिरल्या आणि १९१८ साली अमेरिकेला गेल्या. सर्वांनाच हे साधेल असे नाही. परंतु लग्नामुळे दहावी-बारावीला शाळा सुटलेली स्त्री प्रत्येक गावात आहे, आणि १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची दारे तिला खुली आहेत. आपल्या माजी विद्यार्थिनींची यादी शिक्षकांपाशी असते. तिचा प्रवेश अर्ज भरून देण्यास शिक्षकांचा अर्धा तास जाईल.

ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. ती पुष्कळदा सकाळी अकराला बोलाविली जाते, म्हणजे पाणी, स्वयंपाक, शेत आणि तान्हे मूल या सर्वांनी स्त्रीला घेरलेले असते तेव्हा. मग उपस्थिती कमी म्हणून तक्रार होते. पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्यापासून कित्येक ठिकाणी सरपंच स्वतःच लहान मुलाची आई असते. तिने ही सभा दुपारी तीनला, मुलांना बरोबर घेऊन येण्याच्या स्पष्ट सूचनेसह आणि एका कोपऱ्यात झोळ्या बांधून बोलवावी, व पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या सभेत हंगामी पाळणाघराचा विषय पहिला घ्यावा. तरवा वर आल्यावर सभेला कोणी येणार नाही.