मी फक्त डाउनलोड करतो!

टोरेंटवरून सिनेमा उतरवणारे बहुतेक जण स्वतःची समजूत घालून घेतात की चोर तो, ज्याने सिनेमा चढवला. आपण नुसते पाहणारे. कायद्याचे सोडा, तांत्रिकदृष्ट्याच हे चूक आहे. टोरेंटची फाइल एका जागेवरून येत नाही. तिचे तुकडे अनेकांच्या संगणकांतून येतात आणि तुमच्याकडे पोहोचलेला तुकडा लगेच पुढच्याला दिला जाऊ लागतो. सिनेमा पुरता उतरण्याआधीच तुम्ही त्याचे वाटप सुरू केलेले असते. शिवाय तुमचा आयपी पत्ता त्या घोळक्यात कुणालाही टिपता येतो, हक्कमालकाने बसवलेल्या माणसालासुद्धा. जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलामुलींना हे आवर्जून सांगायला हवे. तिथे वकिलांच्या फर्म नेमके हेच करतात आणि शेकडो युरो मागणारी नोटीस इंटरनेट ज्याच्या नावावर असेल त्याला येते, मग सिनेमा रूममेटने का उतरवलेला असेना.

‘आपल्याकडे कोण विचारतो?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. एकट्यादुकट्या प्रेक्षकावर इथे क्वचितच कारवाई होते. पण 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 63 जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगते. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, एवढीच सवलत. व्हीपीएनने पत्ता झाकला जातो, कृत्य बेकायदा ते बेकायदाच राहते.

आणि पोलीस आले नाहीत तरी व्हायरस येतोच. विंडोज मुळात फाइलचे शेवटचे एक्स्टेंशन लपवते, त्यामुळे ‘.एमपी4.ईएक्सई’ नावाचा प्रोग्राम सिनेमाच वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन एक्स्टेंशन दिसतील असे आधी करा. सिनेमा पाहण्यासाठी वेगळा प्लेअर किंवा एपीके टाकायला सांगणारी फाइल सरळ पुसून टाका. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या तर वाटेलाच जाऊ नये. ‘स्टॉप’ नावाचे, सगळ्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे रॅन्समवेअर जगभर मुख्यतः त्यातूनच पसरले. फोटोंची प्रत दुसरीकडे नसेल तर ते गेलेच म्हणायचे.

उरला एक रास्त आक्षेप: जुने मराठी साहित्य, जुने सिनेमे पैसे मोजूनही मिळत नाहीत. खरे आहे. पण त्यातले बरेच आता मुक्त आहे, हे आपण तपासतच नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक आणि प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी चित्रपट कॉपीराइटमधून सुटतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके 2011पासून कुणीही उतरवावीत, वाटावीत. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ चित्रपट 1953चा, तोही मुदतीबाहेर. मात्र मुक्त झालेल्या पुस्तकाचे आज कुणी केलेले ध्वनिमुद्रण मुक्त नसते; त्याचा हक्क नवा असतो, तेव्हा ते विचारूनच घ्या.