गळती जेव्हा सवय ठरते

पाणीवापराच्या आकडेवारीतील विसंगती, म्हणजे रोजच्या चालीत न बसणारी नोंद, यंत्रशिक्षणाने हुडकता येते. परंतु रोजची चाल कोणती, हे संगणक त्याच्यापुढे ठेवलेल्या नोंदींवरूनच शिकतो. अकोले तालुक्यातील राजूर परिसरात एका लहान नळयोजनेच्या वाडीनिहाय मीटर-नोंदींवर प्रस्तुत लेखकाने केलेला प्रयोग नेमका येथेच फसला.

गळती शोधण्याची रूढ रीत रात्री दोन ते चारच्या किमान प्रवाहावर बेतलेली आहे : गाव झोपलेले असताना मीटर फिरत असेल, तर पाणी वाया जात आहे. मात्र ही रीत चोवीस तास पुरवठ्याची आहे. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण शेजारी असूनही (त्याचे पाणी मुख्यतः खालच्या कालव्यांचे) जेथे व्हॉल्व्ह तासभरच उघडतो, तेथे रात्रीची नोंद शून्य येते, आणि पाणी सुटताच रिकाम्या नळीतली हवा मीटरला जोराने फिरवते, ते वेगळेच.

प्रयोगात ‘आयसोलेशन फॉरेस्ट’ ही २००८ मध्ये मांडली गेलेली पद्धत वापरली होती; तीत नोंदींचे यदृच्छया विभाग पाडत जातात आणि थोड्याच विभागण्यांत एकटी पडणारी नोंद विसंगत मानतात. त्यानुसार जत्रेचा दिवस एकटा पडला, लग्न असलेली वाडी एकटी पडली, आणि यादी पडताळल्यावाचून पुढे गेल्यामुळे त्या वाडीवर पाणीचोरीचा संशय आला, याचा दोष लेखकाकडेच जातो. उलट, एका सांध्यातून पहिल्या नोंदीपासूनच होणारी गळती संगणकाने गावची सवय म्हणून स्वीकारली. मिनिटाला ११ लिटर गळले, तरी तासाच्या पुरवठ्यात ६६० लिटर जातात, म्हणजे जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने बारा माणसांचे दिवसाचे पाणी. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ती जागा ठाऊक होती. त्याला कोणी विचारले नव्हते.

म्हणून असे काम हाती घेणाऱ्याने व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळा नोंदवाव्यात, पहिल्या काही मिनिटांचे आकडे वगळावेत, जत्रा व लग्नतिथी नोंदींना जोडाव्यात, आणि शिकवण्याआधी एकदा सर्व घरांचे नळ बंद ठेवून, नळ्या पूर्ण भरल्यावरही मीटर फिरते का, हे पाहावे. नळांना तोट्याच नसतील, तर आधी त्या बसवाव्या लागतात.