एक कार्ड, अनेक पत्ते

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्यें टपालाचीं तिकिटें छापलीं जातात, हें आपणांस ठाऊकच आहे. संगणकांच्या पत्त्यांचा हा पाठही आपण टपालाच्याच उदाहरणानें समजून घेऊं.

१५ ऑगस्ट १९७२ रोजीं आपल्या देशांत पिनकोड सुरू झाला. ४२२००१ म्हणजे नाशिकची मुख्य टपालकचेरी, ४२२००३ म्हणजे पंचवटी. पहिल्या तीन अंकांवरून पत्र कोणत्या विभागाकडे धाडावयाचें हें कळतें; शेवटच्या तिहींवरून नेमकी कचेरी. आयपी पत्त्याची रचना अशीच आहे. १९८१ सालीं ठरलेल्या व आजही प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तींत तो चार संख्यांचा असतो. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील. १९२.१६८.१.२० या पत्त्यास २५५.२५५.२५५.० हा मास्क दिला, म्हणजे पहिल्या तीन संख्या जाळें दाखवितात व चौथी त्या जाळ्यांतील स्थान.

नेटवर्क कार्डास कारखान्यांतच मॅक नांवाचा एक क्रमांक मिळालेला असतो. आयपी पत्ता मात्र मागाहून नेमून दिला जातो, आणि तो एकच असला पाहिजे असा नियम नाहीं. जुन्या वाड्यास दोन गल्ल्यांत दोन दरवाजे असले, तर कोणत्याही दरवाजानें आलेलें पत्र त्याच घरांत पोंचतें. येथेंही तसेंच. पत्र धाडूं इच्छिणारा संगणक साऱ्या जाळ्यास विचारतो, "१९२.१६८.१.२१ हा पत्ता कोणाचा?" ज्या कार्डास तो नेमलेला असेल, तें आपला मॅक क्रमांक कळवितें. एकाच कार्डास २० व २१ हे दोन्ही पत्ते दिले असतील, तर दोन्ही हांकांस तेंच ओ देतें.

याचा उपयोग काय? समजा, एका शाळेंत ग्रंथालयाची यादी २० या सर्व्हरवर व परीक्षेचे निकाल २१ या सर्व्हरवर आहेत. दुसरें यंत्र जुनें झालें. निकालांचें काम पहिल्यावर हलवून २१ हा पत्ताही त्याच्याच कार्डास जोडला, तर प्रयोगशाळेंतील एकाही संगणकाची मांडणी बदलावी लागत नाहीं. विंडोजमध्यें कार्डाच्या आयपी मांडणींत स्थिर पत्ता लिहून, 'ॲडव्हान्स्ड' या भागांत 'ॲड' दाबावें व नवा पत्ता आणि मास्क भरावा.

मात्र तत्पूर्वीं जुनें यंत्र जाळ्यांतून काढलेंच पाहिजे. एकच पत्ता दोघांपाशीं राहिला, तर दोघेही ओ देतात. मग निकाल कधीं दिसतो, कधीं नाहीं, आणि दोष कोणाचा हें कळत नाहीं. जे पत्ते राउटर आपोआप वांटतो, त्यांतील पत्ताही घेऊं नये. तो उद्यां दुसऱ्या कोणास दिला जाईल. निकालांचा कार्यक्रम नव्या पत्त्यावर कान देऊन आहे ना, हेंही तपासावें.

आणखी एक भ्रम टाळावा. पत्ते वाढले म्हणून वेग वाढत नाहीं, कारण तार एकच असते. तें कार्ड बिघडलें, तर यादी व निकाल दोन्ही एकाच क्षणीं नाहींसे होतात. दरवाजे दोन असले तरी वाड्याचा पाया एकच असतो. म्हणून ज्या यंत्रावर दोघांचा भार टाकला, त्याची निगा दुप्पट राखावी, आणि कोणता पत्ता कोणास दिला याची वही नेहमीं लिहून ठेवावी.