परीक्षाकाळातील चित्तस्थैर्य : पानशेतचा दृष्टांत

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या देहाची जी अवस्था वर्णिली आहे, ती दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी एकदा सावकाश वाचावी. गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगास कंप सुटतो, धनुष्य हातातून निसटू लागते, मन भ्रमल्यासारखे होते. धनुष्याच्या जागी लेखणी ठेवली की परीक्षागृहातील भ्यालेल्या विद्यार्थ्याचे हेच चित्र होय. अर्जुन काही अनभ्यासी नव्हता. विद्या होती, परंतु ती त्या क्षणी हाताशी येईना. म्हणून भयाचा अर्थ ‘अभ्यास केला नाही’ असा लावणे अन्यायाचे आहे. भगवंतांनी प्रथम त्याच्या दौर्बल्याचा निषेध केला हे खरे. पण त्यापुढे त्याचे सर्व प्रश्न ऐकून घेतले. घराघरांतून यातील पहिला भाग तेवढा उचलला जातो.

दृष्टांत : पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या डोंगरांत आंबी नदीवर पानशेतचे धरण आहे. या मातीच्या धरणाचे बांधकाम 1957 मध्ये सुरू झाले. काम पुरे होण्यापूर्वीच 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविण्यात आले. पाणी बाहेर सोडावयाची मोरी व तिचे दरवाजे यांचे काम मात्र अपुरे होते. मोरी खचली, तिच्यावरील बांध बसू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे काही घटका लाभल्या, धरण वाचले नाही. 12 जुलै 1961 रोजी सकाळी ते फुटले; खालचे खडकवासला धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पुढे पानशेतचे धरण पुन्हा बांधण्यात आले. आज तानाजीसागर या नावाने तेथे पाणी साठते.

दार्ष्टांतिक : भरणे आणि सोडणे ही दोन कामे आहेत. विद्यार्थी महिनोन्‌महिने वाचून मनात भर घालतो. ते बाहेर काढण्याची वाट मात्र प्रथमच परीक्षागृहात उघडू पाहतो. मग दाब येतो तो सर्व त्या एका ठिकाणी. यास्तव प्रत्येक धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे, आणि राहिले ते पुन्हा पाहावे. आठवण्याचा हा सराव नुसत्या पुनर्वाचनापेक्षा अधिक टिकतो, असे स्मृतीच्या आधुनिक अभ्यासकांनीही प्रयोगांनी दाखविले आहे. पंथीयांस यात नवल वाटू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाल्यावर ते स्मरणातूनच पुन्हा सिद्ध करण्यात आले.

आदल्या रात्रीचे जागरण म्हणजे वाळूची पोती. थोडा वेळ लाभतो, बांध खचावयाचा थांबत नाही. सहाव्या अध्यायात अति निद्रा व अति जागरण या दोहोंचाही निषेध आहे. तो केवळ योग्यांसाठी आहे असे समजण्याचे कारण नाही.

चिंतेलाही मोरी हवी. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारल्याचे आढळले. ज्याला लिहिणे नको वाटते त्याने घरातील वडील माणसाजवळ बोलावे, आणि त्या माणसाने मध्येच उपदेश करू नये. ऐन प्रश्नपत्रिका हाती आल्यावर छाती धडधडू लागली तर लेखणी खाली ठेवून काही श्वास सावकाश घ्यावेत, सोडताना अधिक सावकाश सोडावेत, व येत असलेल्या प्रश्नापासून आरंभ करावा. राज्य मंडळाने 2023 पासून शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत. तेव्हा या एका मिनिटाने काही बुडत नाही.

डोंगराकडील गावांतल्या मुलांची अर्धी धास्ती अभ्यासाची नसून वाटेची असते. अकराच्या पेपराला साडेदहास हजर राहावे लागते, आणि एस.टी. चुकली तर दुसरी लवकर मिळेलच असे नाही. केंद्राचा रस्ता व गाडीची वेळ आदल्या आठवड्यातच प्रत्यक्ष जाऊन पाहून ठेवावी.

आश्रमात मुले परीक्षेपूर्वी दंडवत करावयास येतात. त्या वेळी महंतांनी किती गुणांची अपेक्षा आहे हे न विचारता झोप किती होते, हे विचारावे. फळाची आसक्ती सोडावयास सांगणाऱ्या ग्रंथाचे पठण ज्या घरी होते, त्या घरी शेजाऱ्याच्या मुलाच्या टक्केवारीची चर्चा चालावी ही विसंगतीच होय. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची पुरवणी परीक्षा मंडळ त्याच वर्षी घेते. ही गोष्ट पालक निकालानंतर सांत्वन म्हणून सांगतात. ती पहिल्या पेपराच्या आधीच सांगावी.