सोपे वाद्य सोडून अवघड वाद्य घेताना

लग्नाच्या मांडवात सनई वाजते, ती आपण सर्वांनी ऐकली आहे. वरातीपुढच्या बँडातले काळे क्लॅरिनेटही पाहिले आहे. दोन्ही फुंकून वाजवायची वाद्ये. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूसारख्या काठीची एकच पातळ पट्टी बसवतात. सनईला पत्त्यांची जोडी असते. वारा त्यांच्यामधून जातो, पत्त्या थरथरतात आणि सूर निघतो.

सनईच्या जातीचे एक वाद्य युरोपात आहे. त्याचे नाव ओबो. ते सतराव्या शतकात फ्रान्समध्ये घडले. सनईला नुसती भोके असतात. ओबोला धातूच्या चाव्याही असतात.

अमेरिकेत पुष्कळ शाळांत मोठे बँड असतात. मुले दहा-अकरा वर्षांची झाली की वाद्य शिकू लागतात. क्लॅरिनेटवाले पुष्कळ होतात, ओबोवाले मात्र एक किंवा दोन. मग मास्तर एखाद्या चांगल्या क्लॅरिनेटवाल्याला विचारतात, "काय रे, ओबो घेशील का?"

मान मिळाला म्हणून लगेच हो म्हणावे काय? आधी अडचणी पाहू.

पहिली अडचण ओठांची. क्लॅरिनेटवर वरचे दात टेकतात. ओबोला तसे चालत नाही. दोन्ही ओठ दातांवर आत दुमडून पत्ती मधे धरावी लागते. ओठ लवकर थकतात. थकल्यावर जोर लावला तर सूर आणखी बिघडतो. म्हणून आरंभी दहा मिनिटे वाजवावे, थांबावे, पुन्हा वाजवावे.

दुसरी अडचण श्वासाची. ओबोच्या पत्त्यांमधली फट फार अरुंद. वारा थोडाच जातो, पण जोराने ढकलावा लागतो. छातीत वापरलेली हवा तशीच साठून राहते. छाती भरलेली आणि तरी जीव गुदमरतो! यावर उपाय साधा आहे. आधी उरलेला श्वास सोडायचा, मग नवा घ्यायचा.

तिसरी अडचण कानाची. नेहमीच्या क्लॅरिनेटवर कागदावरचा सूर वाजवला की तो एक स्वर खाली ऐकू येतो. ओबोवर लिहिला तसाच येतो. जुन्या सवयीचा कान म्हणतो, "हे चुकलं!" पण चुकलेले काहीच नसते. कानाला थोडे दिवस द्यावे लागतात.

एक गोष्ट मात्र सोपी होते. क्लॅरिनेटवर मागची चावी दाबली की 'सा' उडी मारून वरच्या पंचमावर जातो. त्यामुळे खालची बोटे वेगळी, वरची वेगळी. ओबोवर 'सा'चा वरचा 'सा' होतो, आपल्या बासरीसारखा. म्हणून बोटे पुष्कळशी तीच राहतात.

आता खर्चाचे बोलू. शाळा वाद्य देईल, पण पत्ती कोण देणार? ओबोची पत्ती महाग आणि नाजूक. वाजवण्यापूर्वी ती थोडा वेळ पाण्यात भिजवावी लागते. रोज वाजवली तर काही आठवड्यांतच जाते. म्हणून पुष्कळ वादक चाकू घेऊन ती स्वतःच तासतात. हे आधीच विचारून घ्यावे. यात लाज कसली?

सर्वांत कठीण गोष्ट वेगळीच आहे. क्लॅरिनेटच्या रांगेत एकाचा सूर चुकला तर दहा जण तो झाकतात. ओबोवाला एकटा असतो. त्याची चूक साऱ्या सभेला ऐकू येते. कालपर्यंत जो पहिल्या खुर्चीवर बसत होता, तो आज नवशिक्या होतो. सोबती हसतात. वाद्य सोडावेसे वाटते ते कधी कधी ओठांमुळे नव्हे, या हसण्यामुळे.

तर मग काय करावे? आम्हाला असे वाटते: ओबोचा आवाज मनापासून आवडत असेल, रोज अर्धा तास देता येत असेल, तर जरूर घ्यावा. नुसत्या मानासाठी घेऊ नये. मास्तरांना सांगावे, "काही महिने मला कार्यक्रमात क्लॅरिनेटच वाजवू द्या, ओबो मी घरी शिकतो." समजूतदार मास्तर याला नाही म्हणणार नाहीत.

जुनी विद्या वाया जात नाही. ताल, वाचन, सरावाची शिस्त ही सारी बरोबर येतात. नवे शिकायचे ते ओठांना, श्वासाला आणि थोडेसे मनाला.

प्रश्न
१. सनई आणि ओबो यांत सारखे काय आहे?
२. ओबो वाजवताना आधी श्वास का सोडावा लागतो?
३. तुम्ही एखादे सोपे काम सोडून अवघड काम हाती घेतले आहे काय? तेव्हा काय अडले, ते चार ओळींत लिहा.