मावा काय खाऊन जगतो?

चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळ्या मोहरीसारखे दाटीने बसलेले किडे वाचकांनी पाहिले असतीलच. हाच मावा. आमच्या राई-मुर्धा भागात इमारतींच्या रेट्यातून जे थोडे भाजीचे वाफे उरले आहेत, त्यांचा हा जुना वैरी होय. मी कला शाखेचा विद्यार्थी. घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. परंतु ज्या वाफ्यांवर माझी फी भरली जाते, त्यांच्यावर आणखी कोण जेवते, हे समजून घेणे मला अगत्याचे वाटले.

माव्याला चावण्याचे दात नसतात. त्याची केसाहून बारीक सोंड पेशींच्या फटींतून अन्नरसाच्या नलिकेपर्यंत पोहोचते. नलिकेत रस दाबाखाली असल्याने तो आपोआप सोंडेत चढतो. केनेडी व मिटलर या शास्त्रज्ञांनी १९५३ साली दाखवून दिले की, रस पिणाऱ्या माव्याची सोंड कापली तरी झाडात रुतलेल्या तुकड्यातून रस पाझरत राहतो!

आता प्रश्न असा की, शरीर वाढायला प्रथिने हवीत, आणि या रसात साखर मुबलक असली तरी प्रथिने फारच थोडी. ही थोडी प्रथिने पचविणारी विकरे माव्याच्या आतड्यात आढळली आहेत. पण तेवढ्याने भागत नाही. प्रथिनांच्या विटा म्हणजे अमिनो आम्ले. ती रसात सुटी असतात. मात्र किड्याला स्वतः बनविता न येणारी आम्ले त्यांत अपुरी पडतात. ही उणीव बुक्नेरा नावाचे जीवाणू भरून काढतात. माव्याच्या शरीरातील खास पेशींत त्यांचे बिऱ्हाड असते. मिळालेल्या आम्लांतील नत्र वापरून ते हवी ती आम्ले तयार करतात. आईकडून पिलांना हा वारसा जन्माआधीच मिळतो.

तरीही पुरेशा नत्रासाठी मावा पुष्कळ रस पितो. जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी धरते, आणि झाकलेल्या पानांना ऊन मिळत नाही.

यातून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध मोठा आहे. युरिया जास्त झाला की रसातील अमिनो आम्ले वाढतात. म्हणजे माव्याला आयतीच मेजवानी! चवळी तर मुळांवरच्या गाठींतील जीवाणूंकडून हवेतला नत्र मिळविते. तिला युरियाची गरज थोडीच. शिवाय मावा खाणारे ढालकिडे सरसकट फवारणीत मरतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "यंदा एका वाफ्याला युरिया नको. बघू काय होते ते." त्या वाफ्यातील माव्याची नोंद ठेवण्याचे काम आता माझ्याकडे आहे.